मोजलेला वेग नेमका कोणाचा?

घन उत्प्रेरक आणि त्यावरून जाणारा वायू किंवा द्रव, म्हणजेच विषमांगी उत्प्रेरण, या विषयावर केमिकल इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. वरवर पाहता ते वेगवेगळे वाटतात, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच घोळ आहे. रिॲक्टरच्या तोंडाशी मोजलेला आकडा कसलीही शहानिशा न करता थेट उत्प्रेरकाच्या नावावर जमा केला जातो.

प्रश्न : निकेल-ॲल्युमिनावर कार्बन डायऑक्साइडचे मिथेनीकरण (हायड्रोजनबरोबर त्याचे मिथेन करणे) ३०० ते ३८० अंश सेल्सिअसला करतो आहे. ८ मिमी व्यासाच्या नळीत ३ मिमीच्या गोळ्या भरल्या आहेत. सक्रियण ऊर्जा ४२ किलोज्यूल प्रति मोल निघाली. शोधनिबंधांत ती ८०-९० च्या आसपास दिसते. आमचा उत्प्रेरक जास्त चांगला आहे असे प्रबंधात लिहावे का?

उत्तर : लिहू नका. ४२ हा ८०-९० च्या जवळजवळ निम्मा आकडा आहे, आणि हे निम्मेपण ओळखीचे आहे. पृष्ठभागावरची क्रिया वेगवान आणि छिद्रांतले विसरण, म्हणजे रेणूंचे आतपर्यंत झिरपणे, संथ असले की वायू गोळीच्या गाभ्यापर्यंत पोचतच नाही, बाहेरच्या थरातच संपतो. अशा वेळी दिसणारा वेग हा दर स्थिरांक आणि विसरण गुणांक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. विसरण तापमानाबरोबर फारसे वाढत नाही, त्यामुळे अऱ्हेनियस आलेखाचा, म्हणजे वेगाचा लॉगॅरिदम आणि तापमानाचा व्यस्त यांच्या आलेखाचा, उतार निम्म्यावर येतो, आणि सक्रियण ऊर्जा त्या उतारावरूनच काढतात. क्रियेची कोटी, म्हणजे वेग संहतीच्या कितव्या घाताने बदलतो तो आकडा, हीही बदललेली दिसते. शून्य कोटीची क्रिया अर्ध्या कोटीची भासते, दुसऱ्या कोटीची दीड कोटीची. पहिल्या कोटीची मात्र पहिलीच राहते, म्हणून ‘कोटी बरोबर आली’ हा पुरावा धरता येत नाही.

आता आकडे घालून पाहू. छिद्रांतले विसरण आडवे येते का हे सांगणारा वाइझ-प्रॅटर निकष सोपा आहे, कारण त्यात मोजलेलाच वेग घालायचा असतो, खरा दर स्थिरांक माहीत असावा लागत नाही. वेग गुणिले कणाची घनता गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले परिणामी विसरण गुणांक आणि पृष्ठभागावरची संहती यांचा गुणाकार. समजा वेग १० मायक्रोमोल प्रति ग्रॅम प्रति सेकंद आहे, घनता १.२ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि वायूत १० टक्के कार्बन डायऑक्साइड. एक वातावरण दाब आणि ३५० अंशांना त्याची संहती जवळपास २ मायक्रोमोल प्रति घन सेंमी भरते.

विसरण गुणांकापाशी बहुतेक जण पुस्तकातला ०.०१ किंवा ०.१ उचलून मोकळे होतात. तो काढायला पाच मिनिटे लागतात. छिद्रांचा व्यास १० नॅनोमीटर असेल तर तिथे नुडसन विसरण चालते, म्हणजे रेणू एकमेकांपेक्षा छिद्राच्या भिंतींवरच जास्त आपटतात. ९७०० गुणिले त्रिज्या सेंमीमध्ये, गुणिले तापमान भागिले रेणुभार यांचे वर्गमूळ. उत्तर येते साधारण ०.०१८ चौरस सेंमी प्रति सेकंद. त्याला सच्छिद्रता ०.५ ने गुणा आणि वळणदारपणाच्या गुणकाने, म्हणजे ३ ने भागा. हाती ०.००३ उरतो. हा वापरला की तुमच्या ३ मिमीच्या गोळीसाठी निकषाचा आकडा येतो ४५. तो ०.३ च्या खाली असेल तर दुसऱ्या कोटीपर्यंतच्या क्रियांत काळजी नसते, ६ च्या वर गेला तर विसरणाची अडचण ठरलेली, आणि मधल्या पट्ट्यात क्रियेच्या कोटीवर अवलंबून. ४५ म्हणजे गोळीचा मोठा भाग नुसता बसून आहे. पहिली कोटी धरून उलटे गणित केले तर परिणामकता, म्हणजे सगळी गोळी कामाला लागली असती तर मिळाला असता त्या वेगातला प्रत्यक्ष मिळालेला वाटा, जेमतेम १८ टक्के निघते.

त्याच गोळ्या फोडून ०.३ मिमीचे कण घेतले तर याच हिशेबाने वेग सुमारे पाचपट, ४९ च्या घरात जायला हवा आणि निकष २.२ वर यायला हवा. ०.१५ मिमीला वेग ५४ च्या आसपास, परिणामकता ९६ टक्के. तिथून पुढे बारीक करून वेग फार वाढणार नाही, आणि वेग वाढायचा थांबणे हीच तुमची खूण. तीन आकारांचे कण घ्या. प्रत्येक वेळी उत्प्रेरकाचे वजन आणि वायूचा प्रवाह तोच ठेवा. गोळ्या एकाच घाण्यातल्या हव्यात, बारीक भुकटीवर वेगळा निकेल चढवून तुलना करू नका. आणखी एक पेच असा, की निकेल गोळीच्या सालीत जास्त बसला असेल तर फोडताना पडलेल्या बारीक भुशात निकेल जास्त येतो. म्हणून चाळणीच्या प्रत्येक भागातला धातू वेगळा तपासून घ्यावा.

गोळीबाहेरच्या विसरणाची चाचणी वेगळी. उत्प्रेरक ०.१, ०.२, ०.४ ग्रॅम आणि प्रवाह ५०, १००, २०० मिली प्रति मिनिट अशा जोड्या घ्या. वजन आणि प्रवाह यांचे गुणोत्तर तेच, फक्त वायूची गती वाढते. रूपांतर तेच राहिले तर ठीक. पण प्रयोगशाळेतल्या छोट्या नळीत रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा आकडा) इतका कमी असतो, की गती चौपट करूनही बाहेरचा वस्तुमान-संक्रमण गुणांक जेमतेम हलतो. चाचणी पास होते आणि अडचण तशीच राहते. म्हणून जोडीला गोळीबाहेरच्या विसरणासाठीचा मिअर्सचा निकष काढा, तो ०.१५ च्या खाली यायला हवा.

नळीचेही पाहा. नळीचा व्यास कणाच्या किमान १० पट आणि थराची लांबी किमान ५० पट हवी. ८ मिमीच्या नळीत ३ मिमीच्या गोळ्या म्हणजे बराचसा वायू भिंतीलगतच्या पोकळीतून निसटणार. तुमचा ४२ हा आकडा विसरणाच्या आधीच बाद होता.

शेवटी उष्णता. मिथेनीकरणात मोलमागे सुमारे १६५ किलोज्यूल उष्णता सुटते. वेग ५० मायक्रोमोलवर गेला की एक ग्रॅम उत्प्रेरक ८ वॉट ओकतो. थर्मोकपल नळीच्या बाहेर असेल तर ३५० दाखवेल आणि थराचा पुढचा भाग त्याहून बराच तापलेला असेल. उत्प्रेरकात त्याच मापाचे सिलिकॉन कार्बाइड पाच ते दहा पट मिसळा, माप वेगळे असेल तर भरताना दोन्ही वेगळे होऊन बसतात. थर्मोकपलचे टोक थरातच ठेवा. रूपांतर १० टक्क्यांच्या आसपास ठेवा, आणि त्या तापमानाचे समतोल रूपांतर आधी काढून ठेवा. त्याच्या जवळ गेलात तर उतार पुन्हा फसवेल.

प्रश्न : ५ टक्के निकेलसाठी ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर निकेल नायट्रेटचे द्रावण जिरवले. भाजल्यावर गोळी कापली तर कडेला काळपट कडे आणि मध्ये पांढरी. बीकरच्या तळालाही हिरवे चिकटून राहिले होते. कुठे चुकले?

उत्तर : दोन वेगळ्या चुका दिसतात. बीकरला चिकटलेला भाग द्रावण जास्त झाल्याचे सांगतो, गोळीतले कडे बहुधा वाळवणीचे आहे.

आधी द्रावण. ॲल्युमिना हवेतली ओल धरतो, म्हणून १२० अंशांना रात्रभर वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून वजन करा. छिद्रांत किती पाणी मावते ते पाहायला थोड्या गोळ्या पाण्यात बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की निथळा, टिपकागदावर फिरवून वरची ओल टिपा आणि पुन्हा वजन करा. भुकटी असेल तर थेंब थेंब पाणी घालत ढवळा. भुकटी एकदम गोळा होऊन चकाकू लागली की थांबा. समजा ग्रॅममागे ०.५ मिली निघाले.

१० ग्रॅम तयार उत्प्रेरकासाठी ०.५ ग्रॅम निकेल आणि ९.५ ग्रॅम ॲल्युमिना. १० ग्रॅम ॲल्युमिनावर ०.५ ग्रॅम चढवला तर ५ नव्हे, ४.७६ टक्के होतो. निकेल नायट्रेट हेक्झाहायड्रेटचा रेणुभार २९०.८, निकेलचा ५८.७, म्हणजे २.४८ ग्रॅम मीठ. ९.५ ग्रॅम ॲल्युमिनात ४.७५ मिली मावते. इथे नेमके असे होते, की मीठ ४.७५ मिली पाण्यात विरघळवले जाते. मिठाचे स्वतःचे आकारमान आणि त्यातले स्फटिकजल धरून ते द्रावण सहा मिलीच्या घरात जाते. वरचे सव्वा मिली कुठे जाणार? गोळीबाहेर आणि बीकरला. मीठ थोड्या पाण्यात विरघळवून मग मापाच्या नळीत ४.७५ मिलीपर्यंत भरायचे असते. शिवाय हे मीठ हवेतली ओल खाते, जुन्या बाटलीतल्या वजनावर भरवसा नको. तयार मालातला निकेल शेवटी तपासूनच घ्यावा.

आता कडे. जुन्या ओल्या भिंतीला लोणा येतो, तीच गोष्ट गोळीत घडते. गोळी बाहेरून वाळते, केशाकर्षणाने आतले द्रावण पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि मीठ तिथेच राहते. निकेल नायट्रेटची ॲल्युमिनावर पकड सैल असल्याने ते सहज वाहत जाते. खात्री करायची तर द्रावण जिरवल्यावर, वाळवायच्या आधी, एक गोळी कापा. आतपर्यंत सारखी हिरवी असेल तर दोष वाळवणीचा. तेव्हाच कडे दिसत असेल तर जिरायला वेळ कमी पडला किंवा आत हवा अडकली. अशा वेळी गोळ्या आधी निर्वातात ठेवून मग द्रावण सोडावे.

वाळवणीच्या दोषावर एक चांगला उपाय म्हणजे द्रावणात निकेलइतक्याच मोलचे सायट्रिक आम्ल. वाळताना द्रावण घट्ट होत जाते आणि जागचे हलत नाही. भाजताना मात्र सायट्रेट आणि नायट्रेट एकमेकांशी जोरात पेट घेऊ शकतात. थोडा माल घ्या, थर पातळ ठेवा, तापमान मिनिटाला एका अंशाने वाढवा.

एरवी मिनिटाला दोन अंशांनी ४५० पर्यंत नेऊन चार तास पुरतात. नायट्रेट फुटताना तपकिरी विषारी धूर निघतो, तेव्हा भट्टी फ्युम हूडखाली हवी. त्याहून बरेच वर, ७००-८०० अंशांना नेले तर निकेल ॲल्युमिनात शिरून निळसर ॲल्युमिनेट बनते आणि ते हायड्रोजनने सहजी क्षपित होत नाही. क्षपणानंतर उत्प्रेरक तसाच हवेत काढू नका, पेटू शकतो. गार झाल्यावर नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजन सोडून वर पातळ ऑक्साइडचा थर धरू द्या. निकेलची धूळ श्वासात जाणे कर्करोगकारक आहे, गोळ्या फोडताना मास्क आणि हातमोजे नको म्हणू नका.

प्लॅटिनम चढवणाऱ्यांना एक सूचना. क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचे ऋण आयन आम्लधर्मी द्रावणात ॲल्युमिनाला लगेच चिकटतात, तिथे कडे जिरवतानाच पडते. त्यावर उपाय म्हणून द्रावणात हायड्रोक्लोरिक किंवा सायट्रिक आम्ल घालतात. ते त्याच जागांसाठी भांडते, आणि प्लॅटिनम आत सरकते. सिलिकावर हे आयन मुळात टिकतच नाहीत. तिथे टेट्राअमाइन प्लॅटिनमचा धन आयन अल्कधर्मी द्रावणातून चढवावा.

प्रश्न : १ टक्का प्लॅटिनम-ॲल्युमिनाच्या एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तनात) प्लॅटिनमचे शिखर दिसत नाही. धातू बसलाच नाही का?

उत्तर : उलट, चांगला पसरला असण्याची शक्यता जास्त. तीन-चार नॅनोमीटरपेक्षा लहान स्फटिकांची शिखरे इतकी पसरट होतात की पायाभूत रेषेत विरून जातात, त्यात १ टक्का म्हणजे आधीच तुटपुंजे. धातू किती आहे हे रासायनिक विश्लेषणाने ठरवा आणि पसरला किती हे हायड्रोजनच्या रासायनिक अधिशोषणाने, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाला तो किती चिकटतो यावरून. पृष्ठभागावरच्या एका प्लॅटिनम अणूला एक हायड्रोजन अणू, असे गृहीत धरतात. निम्मे अणू पृष्ठभागावर असतील तर कणाचा व्यास साधारण २ नॅनोमीटर.

हा आकडा हाती आला की वेग ग्रॅममागे न सांगता सक्रिय जागेमागे सांगता येतो. १ टक्का प्लॅटिनम म्हणजे ग्रॅममागे ५१ मायक्रोमोल, त्यातले निम्मे म्हणजे साडेपंचवीस मायक्रोमोल जागा. वेग १० मायक्रोमोल प्रति सेकंद असेल तर प्रत्येक जागेवर सेकंदाला ०.४ रेणू. दोन उत्प्रेरकांची तुलना याच आकड्याने करावी. ‘आमचा ग्रॅममागे दुप्पट वेगवान’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘आमच्यात धातू दुप्पट’ एवढाच असतो.

प्रश्न : आमचा उत्प्रेरक १०० तास ९९ टक्के रूपांतर देत राहिला. स्थिर आहे असे म्हणता येईल ना?

उत्तर : या माहितीवर नाही. पहिल्या कोटीच्या क्रियेत ९९.९९ टक्के रूपांतर देणाऱ्या थराची सक्रियता निम्मी झाली तरी तो ९९ टक्के देतो. जीसीमध्ये (गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये) दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच दिसतात. तीच निम्मी घसरण २० टक्के रूपांतरावर पाहिली तर आकडा १०.६ वर येतो. टिकाऊपणाची चाचणी म्हणून उत्प्रेरक कमी भरून किंवा प्रवाह वाढवून कमी रूपांतरावरच करायची. क्रिया समतोलाला टेकलेली असेल तर मग १०० काय, १००० तासांतूनही काही कळत नाही.

घसरण दिसली तर कारण शोधताना थर एकत्र ओतून घेऊ नका. आत येणाऱ्या टोकापासून तीन-चार भाग वेगळे काढा. फक्त पुढचा भाग मेला असेल तर वायूतल्या विषाचा संशय घ्या. निकेलला गंधक लाखात एक भागाहून कमी असले तरी बाधते, आणि ते सिलिंडरमधून येते तसे रबरी जोडांतून किंवा आधारद्रव्यातल्या सल्फेटमधूनही येते. कार्बन मोनॉक्साइडच्या पोलादी सिलिंडरमधून लोहाचे कार्बोनिल येऊन उत्प्रेरकावर लोखंड बसवते, हे कारण तर सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. सगळा थर सारखाच मंदावला असेल तर कार्बन साचणे किंवा कण जुळून मोठे होणे यांपैकी काहीतरी. हवेत तापवून वजन किती घटते यावरून कार्बन कळतो, आणि एक्सआरडीचे शिखर अरुंद झाले तर कण वाढले. वितळबिंदूच्या केल्विनमधल्या निम्म्या तापमानाला धातूचे अणू चांगलेच हलू लागतात. निकेलसाठी ते सुमारे ५९० अंश सेल्सिअस, तांब्यासाठी ४०६. तांब्याचे उत्प्रेरक म्हणूनच ३०० च्या वर सहसा नेत नाहीत.

कार्बन जाळताना सुरुवात १-२ टक्के ऑक्सिजनने करा आणि थराच्या तापमानावर नजर ठेवा. थेट हवा सोडली तर कार्बन जळतो आणि त्या उष्णतेने कणही जुळतात, म्हणजे एक दुखणे गेले आणि दुसरे जडले. निकेलवर कार्बन मोनॉक्साइड असताना रिॲक्टर २०० अंशांच्या खाली आणू नका, निकेल टेट्राकार्बोनिल हा अत्यंत विषारी वायू तयार होतो. गरम असतानाच नायट्रोजनने धुऊन मग गार करा.

प्रश्न : दुसऱ्या शाखेतून आलो आहे. हा विषय कोणत्या क्रमाने वाचावा?

उत्तर : आधी समतोल, मग लँगम्युरचे अधिशोषण, मग वेगाची समीकरणे, त्यानंतर छिद्रांतले विसरण. उपकरणांची तंत्रे शेवटी. विद्यार्थी बहुतेक उलटे करतात, चित्रे छान येतात म्हणून. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ देणारा एक बीईटी आलेख मात्र हाताने काढा. सापेक्ष दाब ०.०५ ते ०.३, नायट्रोजनच्या रेणूचे क्षेत्रफळ ०.१६२ चौरस नॅनोमीटर. छेदबिंदू ऋण आला तर सूक्ष्म छिद्रांमुळे दाबाची मर्यादा खाली आणावी लागते, हे सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही.

प्रश्न : माझ्या आकड्यांवर लँगम्युर-हिन्शेलवूडची (रेणू पृष्ठभागावर बसून मग क्रिया करतात असे धरणारी) पाच समीकरणे बसवली. पाचही ठिकाणी सहसंबंध ०.९९ च्या वर. खरी यंत्रणा कोणती?

उत्तर : पाचही बसतात म्हणजे प्रयोग त्यांच्यात भेद करू शकेल अशा जागी केलेलेच नाहीत. दोन रेणू एकाच प्रकारच्या जागांसाठी भांडत असतील तर एकाचा दाब वाढवत नेल्यावर वेग आधी वाढतो, मग शिखर गाठून घसरतो. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड जाळताना हेच होते. त्याचा दाब वाढवला की वेग उतरतो, कारण तो सगळ्या जागा अडवून ऑक्सिजनला बसू देत नाही. शिखराच्या एकाच बाजूचे आकडे असतील तर कुठलेही समीकरण बसेल. त्यामुळे शिखराच्या दोन्ही बाजूंना मोजा, आणि उत्पादनही आत सोडून पाहा. पाण्याची वाफ वेग मंदावते का, हे बाहेरून वाफ घातल्याशिवाय नीट कळत नाही.

मग गाळणी लावा. अधिशोषण स्थिरांक ऋण आला तर समीकरण बाद. तापमान वाढल्यावर तो वाढत असेल तर अधिशोषण उष्णताशोषक ठरते, तेही जवळजवळ नेहमीच बाद. अधिशोषणात रेणू जी एन्ट्रॉपी गमावतो ती त्याच्या वायुरूपातल्या एकूण एन्ट्रॉपीपेक्षा जास्त निघाली तरी बाद. यातून दोन समीकरणे शिल्लक राहिली तर दोन्ही लिहा. समीकरण बसले म्हणून यंत्रणा सिद्ध होत नाही, ते विधान समस्थानिकांच्या किंवा वर्णपटाच्या पुराव्यासाठी राखून ठेवा.

गणितातली एक अडचण जाता जाता. घातपूर्व गुणांक (अऱ्हेनियस समीकरणात घातांकी पदाला गुणणारा आकडा) आणि सक्रियण ऊर्जा एकदम काढायला गेलात तर दोन्ही एकमेकांना धरून हलतात आणि त्रुटीच्या मर्यादा प्रचंड येतात. तापमानपट्ट्याच्या मधले एक तापमान, समजा ६१३ केल्विन, संदर्भ म्हणून घ्या आणि घातपूर्व गुणांकाऐवजी त्या तापमानाचा दर स्थिरांक चल म्हणून ठेवा. आकडे तेच राहतात, सॉफ्टवेअर मात्र भरकटत नाही.